डाव्या भुवईतली फट

६ जानेवारी २०२५, सोमवार

डॉक्टरीणबाईंनी वही ठेवायला सांगितली आहे. प्रेशर १७८ वर ११० निघालं. गोळी वाढवली, लोणचं-पापड बंद केलं, आणि वर हा गृहपाठ. राग आला की लिहायचं: किती वाजता आला, कशावरून आला, काय मोडलं. मी म्हटलं, बाई, पंचवीस वर्षं दुकानांचे बोर्ड आणि सिनेमाची बॅनरं रंगवली आहेत, मला लिहायचा कंटाळा नाही. त्या म्हणाल्या, मग पहिल्या पानावर आजवरचं सगळं लिहा.

आजवरचं असं: टीव्हीचे रिमोट तीन. मिक्सरचं झाकण. न्हाणीघरातला आरसा. एक मोबाइल, तो पाचव्या मजल्यावरून खाली टाकला होता. भिंतीवरचं घड्याळ. एवढंच आठवतं. बायकोला, रुक्मिणीला, विचारलं की अजून काही राहिलं का. ती मेथी निवडत होती. म्हणाली, "माका कित्याक इचारतास? वही तुमची."

सध्याच्या रागाचं कारण एकच आहे, कॉम्प्युटर. आमच्या लेकीने, दीप्तीने, दोन वर्षांपूर्वी नाशिकहून तिचा जुना कॉम्प्युटर पाठवला आणि आता साठीला नवी पेन टॅबलेट दिली. मी तिला पाटी म्हणतो. काळी सपाट पाटी, तिच्यावर प्लॅस्टिकच्या पेनाने काढायचं आणि चित्र उमटतं समोर पडद्यावर. फ्लेक्स आला तेव्हापासून माझे ब्रश गडूत उभे आहेत. पाटीवर पहिली रेघ ओढली आणि तासभर जागचा उठलोच नाही. पण अर्धं चित्र होतं न होतं तोच सगळं गोठतं. आज दोनदा गोठलं. मोडलं काही नाही. वही नवी आहे म्हणून.

९ जानेवारी, गुरुवार

वेळ संध्याकाळी पाच वाजून सात मिनिटं. ही वेळ पक्की आहे, कारण कॉम्प्युटरवरचं घड्याळ तिथेच थांबलं. आधी रेघ पेनाच्या मागे रेंगाळते, मग बाण जागच्या जागी उभा राहतो, मग घड्याळही. दहा मिनिटं नुसता बघत बसलो, तरी पाच सातच. बटण दाबून गळा घोटावा लागतो तेव्हा कुठे पडदा काळा होतो. तीन तास खपून काढलेली कोळीण गेली, टोपलीसकट.

कीबोर्डवर मूठ घातली. दोन बटणं उडाली, एक सापडलं, दुसरं फ्रीजखाली गेलं असावं. रुक्मिणीने झाडू आणून माझ्या हातात दिला आणि आत गेली.

मेलरॉयला फोन केला. मेलरॉय दीप्तीच्या कॉलेजातला, मनोरीचा. आई एडनाबाई अजून सुकी मासळी विकतात, हा मात्र कॉम्प्युटरमध्ये शिरला. कांदिवली-बोरिवलीत घरोघरी जाऊन मशिनं दुरुस्त करतो. शनिवारी येतो म्हणाला.

११ जानेवारी, शनिवार

मेलरॉय फेरीबोटीने आणि मग रिक्षाने आला. पाठीवर बॅग, तिच्यात स्क्रू-ड्रायव्हरचा संच. या पोराचा चेहरा रंगवण्यासारखा आहे. रुंद जबडा, खोल डोळे आणि भुवया अशा की एका फटकाऱ्यात याव्यात. जुन्या दिवसांत असता तर त्याला समोर बसवून मी चार हिरो काढले असते. बॅनरवाल्याचं तसंच असतं. एक चांगला चेहरा मापात बसवून ठेवायचा, मग त्याच्यावरच मिशी बदल, नाक बदल, आणि शुक्रवारपर्यंत नवा सिनेमा तयार.

त्याने अर्धा तास बघून सांगितलं, "काका, दोन वर्षांपूर्वी तुम्ही ती स्वस्तातली पाटी घेतली होती ना, तिचा ड्रायव्हर अजून आत आहे. आणि दीप्तीच्या पाटीचा वेगळा. दोघं एकाच पेनासाठी मारामारी करतात, म्हणून मशीन अडकतं. जुना काढून टाका."

ड्रायव्हर म्हणजे पाटीची भाषा कॉम्प्युटरला समजावून सांगणारा आतला माणूस, असं मी धरून चाललो आहे. जुन्या माणसात माझ्या हाताचा दाब बसवायला मला महिना लागला होता. तो असा काढून टाकू? चहा घेऊन जा म्हटलं, मी काढतो सावकाश. जाताना बजावून गेला की मशीन अडकलं आणि परत चालू केलं, की ते चित्राची मागची, आपोआप साठवलेली प्रत उघडतं. म्हणजे शेवटचं काम त्यात नसतं. नीट बघून घेत जा.

काढला नाही. माझ्या हाताचं मला कळतं.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. शेजारी तिळगूळ घेऊन दारात उभे आणि मी आत मशीनला आईबहिणीवरून बोलत होतो. रुक्मिणीने दार ओढून घेतलं आणि बाहेर उभं राहूनच तिळगूळ घेतला. मोडलं: खुर्चीचा हात. थंडीने तिचं उजवं मनगट पुन्हा धरलं आहे, लाटणं नीट फिरत नाही, पोळ्या नकाशासारख्या होतात. डॉक्टरला दाखव म्हटलं तर नको म्हणते.

१८ जानेवारी, शनिवार

वाईट झालं. जसं झालं तसं लिहितो.

मेलरॉय पुन्हा आला. पहिला प्रश्न, जुना ड्रायव्हर काढला का. मी हो म्हणालो. मग बिचाऱ्याने दोन तास घातले. केबल बदलली, डबा उघडून धूळ काढली, पंखा बघितला, पाटी दुसऱ्या छिद्रात लावली. मला म्हणाला, काढून बघा. मी काढायला बसलो, तो शेजारी वाकून बघत होता. चाळीस मिनिटं झकास चाललं. मग रेघ रेंगाळली, बाण थांबला, घड्याळ थांबलं.

टेबलावर पितळेचा गडू असतो, त्यात माझे जुने ब्रश. तो उचलला आणि फेकला. मी भिंतीवर फेकला होता. मेलरॉय मध्ये आला.

गडूची कड त्याच्या डाव्या भुवईवर बसली. कातडी उघडली आणि रक्त असं धावलं की शर्टाच्या खिशात जमा झालं. तो खाली बसला आणि हातानेच जखम दाबून म्हणाला, काही नाही काका, काही नाही. रुक्मिणीने हळद दाबली, तिचे हात अजिबात कापत नव्हते. खालच्या दवाखान्यात तीन टाके पडले. डॉक्टरने विचारलं कसं लागलं, तर मेलरॉयच म्हणाला, दार लागलं. मी टाक्यांचे पैसे भरले. तो तसा चांगल्या घरचा मुलगा आहे.

घरी आल्यावर रुक्मिणी म्हणाली, "दारच लागता ह्या घरात सगळ्यांका."

मला त्यातलं फारसं कळलं नाही, पण वाद नको म्हणून सोडून दिलं. मोडलं: गडूला पोचा आला.

२२ जानेवारी, बुधवार

मेलरॉयला मुद्दाम बोलावलं. रुक्मिणीने वडे-सागोती केली. जेवण झाल्यावर म्हटलं, बस खिडकीपाशी, तुझं चित्र काढतो. माफी मागायची मला सवय नाही, पण चेहरा काढता येतो.

दोन तासांत उतरला. जबडा, डोळे, कान, सगळं मापात. नशिबाने मशीनही गोठलं नाही. भुवई काढताना मी थांबलो. टाक्यांपाशी केस तासलेले, मध्ये उघडी फट. म्हटलं, ही गाळतो. मेलरॉय हसला, "गाळू नका काका. मला लागलंय, चित्रात पण लागू द्या." मग फटीसकट काढली. फाइलला नाव दिलं मेलरॉय. त्याने मोबाइलवर फोटो काढून आईला पाठवला. एडनाबाईंचं लगेच उत्तर आलं की पोरगा त्याच्या पप्पासारखा दिसतो आहे.

इतकं चांगलं डोकं मी वीस वर्षांत काढलं नव्हतं. राग आला नाही. प्रेशर १४६.

३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी पावणेसात. समोरच्या फ्लॅटमधल्या द्रौपदीबाई, वय एकाहत्तर, एकट्या राहतात. फुलं आणायला उतरल्या होत्या. गेटपासून वीस पावलांवर एकाने मागून येऊन गळ्यातली माळ ओढली. माळ तुटेना, तर माळेला धरून त्यांना फरफटत नेलं. तुटली तेव्हा हनुवटीवर आपटल्या. मग खाली पडलेल्या म्हातारीच्या कानातली कुडी हिसकली. कानाची पाळी फाटून दोन झाली. मी हातोडी घेऊन खाली धावलो, तोवर तो पळाला होता. बाईंना उचललं तर त्या फक्त माझी चप्पल कुठे, माझी चप्पल कुठे म्हणत होत्या.

सोसायटीच्या ग्रुपवर दिवसभर आग. कोण म्हणतं हात तोडा, कोण म्हणतं जिवंत सोडू नका. मीही लिहिलं, सापडला तर पोलिसांना द्यायच्या आधी दहा मिनिटं माझ्याकडे द्या. त्याला बेचाळीस अंगठे आले.

रात्री जेवताना सेक्रेटरी अंबादास आले. गेटचा कॅमेरा बंद होता, हे त्यांनी खाली बघत सांगितलं. मग म्हणाले, तुम्ही चेहरे काढता ना? द्रौपदीबाईंना विचारून त्या हरामखोराचं चित्र काढा, मी सगळीकडे पोचवतो. रागाचं विचाराल तर आज राग सगळ्या बिल्डिंगला होता, माझा एकट्याचा लिहिण्यात अर्थ नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज कळलं की हात अजून आहे.

द्रौपदीबाईंना सकाळी त्यांच्या घरीच विचारून घेतलं. हनुवटीला पट्टी, कानाला बोळा, बोलताना जबडा हलत नव्हता. रुंद नाक, बारीक मिशी, केस पुढे आलेले, असं सांगितलं. डोळे नीट पाहिले नाहीत म्हणाल्या. भुवया विचारल्या तर रडायलाच लागल्या.

कोऱ्या पडद्यावरून सुरुवात केली असती तर दिवस गेला असता. मी जुनी युक्ती केली. मेलरॉयची फाइल मापात तयार होतीच, तिची एक प्रत घेतली. ती खाली ठेवायची, तिच्यावर काच ठेवल्यासारखा दुसरा थर घ्यायचा आणि त्या वरच्या थरावर नवा चेहरा काढायचा. शेवटी खालचा थर पुसला की झालं. मिशी, केस, नाक बदललं. मग खालचा थर अंधूक केला आणि वर डोळे बारीक केले, जबडा अरुंद केला, भुवया जाड केल्या.

साडेबाराला गोठलं. परत चालू केलं, परत काढलं. दीडला गोठलं. अंबादास मागे येऊन उभे, दर पाच मिनिटांनी घड्याळ बघणारे. अडीचला तिसऱ्यांदा गोठलं तेव्हा मी टेबलाला लाथ घातली, अंगठ्याचं नख काळं झालं आहे. चालू केलं तर चित्र आपोआप परत आलं. चेहरा पूर्ण होता, मिशी होती, नाक होतं. अंबादास म्हणाले, बस झालं, पाठवा. पाठवलं.

मोबाइलवर बघितलं आणि माझं मलाच नवल वाटलं. डोळे तर असे उतरलेत की या माणसाला आपण रोज बघतो असं वाटावं. डाव्या भुवईत एक फट पण आली आहे. काढलेली आठवत नाही, पण हात रंगात आला की असं होतं. गुंडाच्या तोंडाला शोभते. द्रौपदीबाईंना दाखवलं, मोतीबिंदूचे डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाल्या, "हो, ह्याला पाहिलाय मी. इथेच पाहिलाय."

अंबादासांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

६ फेब्रुवारी, गुरुवार

चित्र बोरिवलीपासून भांडुपपर्यंत फिरतंय. खाली माझं नाव आहे. दीप्तीचा फोन आला नाही, तिला कामं असतात. गेटवर मोठं प्रिंट काढून चिकटवलं आहे आणि खंडू नावाचा नवा वॉचमन ठेवला आहे. कोणी आलं की तो आधी प्रिंटकडे बघतो, मग त्याच्या तोंडाकडे बघतो. रुक्मिणी बाजारातून आली ती चित्रापुढे बराच वेळ उभी होती असं अंबादास म्हणाले. घरी येऊन काही बोलली नाही. निदान एकदा चांगलं म्हणायला काय जातं हिचं.

कॉम्प्युटर आज चार वेळा गोठला. मेलरॉयला फोन लावून वाटेल ते बोललो. म्हटलं, फुकटचे वडे खाऊन गेलास, काम शून्य. तो शांतपणे म्हणाला, शनिवारी सकाळी येतो काका, नवाच सगळा बसवून देतो. त्याला ते चित्र पाठवावं असं मनात होतं, म्हणजे बघ म्हणावं हात. रागाच्या भरात राहून गेलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी अकरा. खालून शिट्टी आणि मग माणसांचा आवाज. सापडला, सापडला. मी बनियनवरच उतरलो. जिने कसे उतरलो आठवत नाही, चांगलं वाटत होतं एवढं आठवतं.

गेटच्या आत पंधरा-वीस जण होते. मधला माणूस खाली पालथा, हात डोक्यावर. बेल्ट होता, हॉकी स्टिक होती, झाडाची कुंडी होती. ती कुंडी कोणीतरी त्याच्या पाठीवर फोडली, माती उडाली. हाडावर बसलेल्या स्टिकचा आवाज वेगळा येतो. कोणी केस धरून त्याचं डोकं दोनदा लादीवर आपटलं. तो काहीतरी बोलत होता, तोंडातून रक्त येत असल्यामुळे शब्द लागत नव्हते. मी माणसं बाजूला सारली. म्हटलं, मला जागा द्या, चित्र माझं आहे. लोकांनी जागा दिली.

एक लाथ घातली. डाव्या बाजूने, बरगड्यांवर. पूर्ण जोर लावून.

त्याने तो मार चुकवायला अंग वळवलं आणि त्याच्या खालून बॅग निघाली. चेन तुटलेली. स्क्रू-ड्रायव्हर एकेक करून लादीवर घरंगळले.

मग तो म्हणाला ते शब्द लागले. काका, काका, असं म्हणत होता. मला वाटतं आधीपासून तेच म्हणत असावा.

मी त्याच्या अंगावर पडलो. माझ्याही पाठीत दोन बसल्या, मग कोणीतरी ओरडलं की अरे हे आपले आहेत. अंबादास म्हणत होते, बाजूला व्हा, भुवई बघा त्याची, भुवई तीच आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

जबडा दोन ठिकाणी. बरगड्या तीन, डाव्या. डावा डोळा बंद आहे, दिसेल की नाही आठवड्याने कळेल. एका फुप्फुसात रक्त उतरलं, नळी घातली. वॉर्डबाहेर पोलीस बसवला आहे. तो मेलरॉयला राखायला नाही, मेलरॉय पळून जाऊ नये म्हणून. सगळ्यांनी एकच सांगितलं, चेहरा चित्राशी जुळला.

सगळे म्हणतात मी मध्ये पडून त्याला वाचवलं. मीही हो म्हणतो. लाथ कोणी पाहिली नसावी. या वहीत आहे तेवढीच.

बरगड्या डाव्या. मी डाव्या बाजूने घातली होती.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी एडनाबाईंचा फोन. बाई ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "चित्र तुम्ही काढलंत ना? मग तुम्हीच पोलिसांना सांगा, तो माझा मेलरॉय नाही. तुमचं ऐकतील."

मी म्हटलं, काळजी करू नका, आज सिद्ध करतो. मला खरंच तसं वाटत होतं. लोक आंधळे, मिशीवाला आणि बिनमिशीचा यात फरक करत नाहीत. दोन्ही चित्रं शेजारी शेजारी मांडून इन्स्पेक्टरला एकेक अवयव दाखवायचा, असं ठरवून मशीन चालू केलं. फाइल उघडली आणि गोठलं. तेव्हा मेलरॉयचं ऐकलं. महिनाभर जे केलं नाही ते केलं, जुना ड्रायव्हर शोधून काढून टाकला. चार मिनिटं लागली. त्यानंतर मशीन एकदाही थांबलं नाही, घड्याळ पळत होतं.

चोराची फाइल उघडली. बाजूला थरांची यादी दिसते, प्रत्येकापुढे एक डोळा असतो. डोळा मिटला की तो थर दिसेनासा होतो. मी वरच्या थराचा डोळा मिटला.

मिशी गेली, केस गेले, नाक गेलं. चेहरा गेला नाही. मेलरॉय माझ्याकडे बघत होता, अंधूक नाही, ठळक. डोळे त्याचे, जबडा त्याचा, भुवई त्याची, आणि भुवईत माझ्या गडूची फट. मी काढलेले बारीक डोळे आणि जाड भुवया गोठण्यात गेल्या होत्या. जे परत आलं त्यात खालचा थर अजून अंधूकही केलेला नव्हता. मी तीन तास खपून चोराला मेलरॉयचं तोंड दिलं, आणि ओळखायची खूण म्हणून मीच केलेली जखम दिली. नीट बघून घेत जा, असं तो सांगून गेला होता.

मी गडू उचलला. फेकायचा कोणावर, ते कळेना. एक बटण दाबलं असतं तर खालचा थर कायमचा गेला असता आणि कोणाला काही कळलं नसतं. बोट त्या बटणावर होतं, हे लिहून ठेवतो.

रुक्मिणी दारात उभी होती. म्हणाली, "गेटार बघितलंय तेव्हाच माका मेलरॉय दिसलो."

मी म्हटलं, मग बोलली का नाहीस?

ती उंबऱ्यातच बसली. मग मनगट चोळत म्हणाली, "तुमच्या चित्राक नाव ठेवूचो धीर नाय झालो."

तिच्या धीराबद्दल मी काय बोलणार? गडू खाली ठेवला. मला रडू आलं, पण ते लपवायला मी न्हाणीघरात गेलो नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पोलीस ठाण्यात तीन तास. कॉम्प्युटरचा डबा रिक्षात घालून नेला आणि त्यांच्यासमोर थर उघडून-मिटून दाखवला. इन्स्पेक्टरने दोनदा करायला लावलं. लाथेचंही सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, सही घेतली, शहर सोडायचं नाही म्हणाले. दुपारी वॉर्डबाहेरचा पोलीस उठवला.

ग्रुपवर सगळं लिहिलं, दोन्ही चित्रं टाकली. अंबादासांनी सात मिनिटांत मला ग्रुपमधून काढलं. मग वर येऊन दारातूनच म्हणाले, तुम्ही सगळ्यांना गोत्यात आणलंत, आता वीस जणांवर केस होणार. मी म्हटलं, एकवीस.

गेटवरचं प्रिंट मी स्वतः फाडलं. खंडू बाजूला उभा राहून बघत होता. त्याने विचारलं, साहेब, मग मी कोणाला बघून शिट्टी मारली? मी प्रिंटचे तुकडे गोळा करून खिशात घातले.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

रुक्मिणीला म्हटलं, मी एकटा जातो हॉस्पिटलमध्ये. ती म्हणाली, मी पण येतंय, आणि पायात चप्पल घालून पुढे निघाली.

मेलरॉयचा जबडा तारांनी बांधला आहे. तोंड इतकं सुजलंय की मला, ज्याने ते मापात काढलं त्याला, जबडा कुठे संपतो ते सापडेना. उघड्या डोळ्याने त्याने मला ओळखलं. मोबाइल मागितला, उजव्या हाताच्या एका बोटाने टाइप करून माझ्याकडे केला. लिहिलं होतं, जुना ड्रायव्हर काढला का?

मी म्हटलं, काढला. पहिल्यांदा विचारलंस तेव्हा खोटं बोललो होतो. मग बाकीचं त्याच्या उशाशी बसलेल्या एडनाबाईंना सांगायला लागलो, तर त्या म्हणाल्या, "मला नको. त्याला सांगा. त्याला ऐकू येतं."

त्याला सांगितलं. फाइलचं, पाठवण्याचं, फोनवर शिव्या देऊन बोलावलं त्याचं. लाथेचं सांगितलं तेव्हा त्याने तो एक डोळा मिटून घेतला आणि मी असेपर्यंत उघडला नाही. मी माफी मागितली. शब्द सरळ आले, पण फार उशिरा आले आणि ते त्याच्या कुठल्याच हाडाला उपयोगाचे नव्हते.

एडनाबाईंनी माझ्या हातातलं, मी छापून नेलेलं त्याचं चित्र घेतलं, खिडकीपाशी बसवून काढलेलं.  मग भुवईवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे टाके आधीचे. घरी म्हणाला, दार लागलं."

मी म्हटलं, "दार नव्हतं. मी होतो."

त्यांनी चित्र घडी न घालता पिशवीत ठेवलं आणि पाठ फिरवून मुलाचं पांघरूण नीट करायला लागल्या. मी बाहेर आलो. रुक्मिणी बाकावर बसली होती. मी सांगितलेलं तिने सगळं ऐकलं होतं, दार उघडंच होतं. ती माझ्याकडे बघत होती, आणि कशाची तरी वाट बघत असल्यासारखी बघत होती. रिक्षात, जिन्यात, घरी येऊन भात लावतानाही.

आता ती झोपली आहे. मी पहिलं पान उघडलं. डॉक्टरीणबाईंनी आजवर काय काय मोडलं ते सगळं लिहायला सांगितलं होतं. रिमोट तीन, झाकण, आरसा, मोबाइल, घड्याळ. त्याच्याखाली जागा आहे, तिथे लिहितो आणि सकाळी तिला वाचून दाखवतो.

रुक्मिणीचं उजवं मनगट. बारा वर्षांपूर्वी, स्वयंपाकघरात, आमटीत मीठ जास्त झालं म्हणून. दार नव्हतं.